झाशीचा शिधा

एके काळी नेवाळकर घराण्याच्या अमलाखाली असलेला झाशीचा मुलूख कृषिप्रधान खरा. परंतु उथळ माती, खाली कठीण खडक आणि लहरी पर्जन्य यांमुळे तेथील कास्तकारालाच पुष्कळदा धान्य विकत घ्यावे लागते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यान्वये अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो, तर प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो धान्याचा हक्क असून, जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य मिळते. तथापि अवर्षणात जे कुटुंब मजुरीसाठी दिल्ली गाठी, त्याचा शिधा गावच्या दुकानीच अडकून पडे; ही अडचण, जी मला सर्वांत जाचक वाटते, 'एक देश, एक शिधापत्रिका' योजनेने बव्हंशी दूर केली, कारण आता अंगठ्याचा ठसा उमटवून परमुलुखातील सरकारमान्य दुकानातूनही धान्य उचलता येते. डाळ-तेल मात्र या कायदेशीर हक्कात नाही.