पश्चिमेचा वारा आणि पश्चिमेचें ऊन

वैशाखांतील रात्रीचे दहा वाजले आहेत. बोरिवलीच्या एखाद्या जुन्या चार मजली इमारतींत सर्वांत वर राहणारें कुटुंब निजानीज करण्याच्या तयारींत आहे. सूर्य मावळून तीन तास झाले. रस्त्यावर थोडासा वाराहि सुटला आहे. परंतु खोलींत पाऊल टाकतांच डोक्यावर कोणी तापलेला तवा धरला आहे कीं काय असें वाटतें. पंखा पूर्ण वेगानें फिरतो आणि छताखालची तापलेली हवाच खालीं लोटतो. पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावावा तर ती अजून कोमट असते. लहान मूल घामोळ्यांनीं किरकिरतें, आणि घरांतलें म्हातारें माणूस चटई उचलून जिन्याच्या तोंडाशीं जाऊन पडतें. दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला हा त्रास इतका होत नाहीं. हवा तीच, इमारत तीच. मग दोन मजल्यांच्या अंतरानें एवढा फरक कां पडावा?

मुंबईचा उन्हाळा नुसत्या आंकड्यांवरून पाहिला तर फारसा भयंकर वाटत नाहीं. सांताक्रूझच्या वेधशाळेंत मे महिन्यांतील दुपारचें उष्णतामान सरासरीनें ३३ ते ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास असतें; त्याच महिन्यांत नागपूरकर ४२-४३ अंश सोसत असतो. पारा एकाएकीं चढण्याचे प्रसंग येथेंहि येतात. १४ एप्रिल १९५२ रोजीं सांताक्रूझ येथें ४२.२ अंशांची नोंद झाली. परंतु असे दिवस बहुधा मार्च-एप्रिलांतले, जमिनीवरून पूर्वेचे कोरडे वारे वाहतात आणि समुद्राचा वारा उशिरां येतो तेव्हांचे. एरवींचा मुंबईचा ताप निराळ्या जातीचा आहे. हवेंत पाण्याची वाफ भरलेली असल्यामुळें घाम वाळत नाहीं, आणि घाम वाळल्यावांचून शरीर निवत नाहीं. शिवाय दिवस आणि रात्र यांच्या उष्णतामानांतील अंतर मे महिन्यांत जेमतेम सहा-सात अंशांचें असतें. नागपुरास तें सुमारें दुप्पट असतें.

ह्या शेवटच्या गोष्टीवर घराची सारी रचना अवलंबून आहे. देशावरच्या वाड्याच्या दगडमातीच्या जाड भिंती दिवसभर ऊन पितात, आणि ती उष्णता आंतल्या अंगाला पोंचेपर्यंत रात्र पडते. रात्रीं बाहेरची हवा गार झालेली असते. दारें-खिडक्या उघडल्या कीं भिंती निवतात आणि दुसऱ्या दिवसाचें ऊन प्यावयास मोकळ्या होतात. तीच भिंत अंधेरीस आणून उभी केली तर तिला निववावयास गार रात्रच मिळत नाहीं. दिवसा घेतलेलें कर्ज ती रात्रीं फेडते, आणि फेडते तें नेमकें झोपण्याच्या खोलींत. जाड भिंतीचें घर थंड ही समजूत घाटावर खरी आहे. घाटाखालीं ती जपून वापरावी लागते.

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना हें पुस्तकावांचून ठाऊक होतें. मरोळ, आंबोली, गोराई इकडच्या गांवठाणांतून उरलेलीं जुनीं घरें पाहिलीं, किंवा कोंकणांतील कोणतेंहि कौलारू घर पाहिलें, म्हणजे हें लक्षांत येतें. छप्पर उंच आणि उतरतें. कौलांच्या फटींतून वर चढलेली ऊन हवा आपोआप निघून जाई. छपराखालीं माळा असे, म्हणजे कौलांची आंच आणि खालचीं माणसें यांच्यामध्यें हवेचा एक थर राही. समोर पडवी, तिच्यावर उतरत आलेलें छप्पर, त्यामुळें भिंतीला ऊन शिवत नसे. बासेल मिशननें १८६५ सालीं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. पुढें तीं चपटीं लाल कौलें साऱ्या किनाऱ्यावर पसरलीं, तरी त्यांच्या खालची ही व्यवस्था बदलली नाहीं. घराला उष्णतेपासून जपण्याच्या ह्या विद्येला आज उष्णतारोधन म्हणतात. थंड देशांत तिचा अर्थ घराला पांघरूण घालणें असा होतो. मुंबईच्या घराला आधीं छत्री हवी.

सिमेंट कांक्रीटची सपाट गच्ची आली आणि ही छत्री गेली. मुंबई साधारण एकोणिसाव्या अक्षांशावर आहे. त्यामुळें १६ मेच्या सुमारास आणि पुन्हा २८ जुलैच्या सुमारास सूर्य दुपारीं बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीला सांवली उरत नाहीं. जुलैंत ढग आडवे येतात, मेमध्यें कांहींच आडवें येत नाहीं. त्या वेळीं भिंतींना दुपारचें ऊन तिरपें व थोडें लागतें, आणि गच्ची मात्र तें सबंध अंगावर घेते. सहा इंचांच्या स्लॅबची कथा अशी कीं, ती उष्णतेला धड अडवीतहि नाहीं आणि धड सोडतहि नाहीं. दुपारची आंच चार-पांच तासांनीं तिच्या खालच्या पृष्ठभागावर उतरते आणि तेथून किरणरूपानें थेट खालच्या माणसांच्या अंगावर पडते. ह्या किरणांना पंख्याचा वारा अडवूं शकत नाहीं. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाची तक्रार अशी अगदीं खरी असते. दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाच्या डोक्यावर शेजाऱ्याची सांवलींतली जमीन असते; ह्याच्या डोक्यावर प्रत्यक्ष सूर्य.

उपाय बाहेरून करावयाचा, आंतून नव्हे, हें येथलें मुख्य सूत्र. पैकीं सर्वांत स्वस्त उपाय पांढऱ्या रंगाचा. काळवंडलेली सिमेंटची गच्ची उन्हाचा बहुतेक भाग गिळते. ताज्या चुन्यानें पांढरी केलेली गच्ची त्यांतला दोनतृतीयांशाहून अधिक भाग परत पाठविते. मुंबईंत गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून त्यावर फुटक्या पांढऱ्या लाद्यांचा चायना मोझेक बसविण्याची चाल फार दिवसांची आहे. ती पाणी अडविण्यासाठीं पडली, परंतु ऊन परतविण्याचें कामहि ती करते. मात्र ह्या पांढरेपणाचा पावसाळा शत्रू आहे. चार महिन्यांच्या पावसानंतर चुना वाहून जातो, लाद्यांवर काळें शेवाळ चढतें, आणि तें कोणी घासून काढीत नाहीं. म्हणून चुन्याचा हात होळीच्या आधीं मारावा. दिवाळींत मारलेला अधिक शोभेचा.

ज्यांना दरवर्षींची ही उस्तवार नको असेल त्यांच्यासाठीं दुर्वाहक पदार्थांचा थर आहे. अशा पदार्थांचें सामर्थ्य त्यांच्यांत कोंडलेल्या हवेंत असतें. हवा स्थिर राहिली कीं उष्णता तिच्यांतून फार सावकाश जाते. हिशोब करून पाहिला तर सहा इंचांच्या उघड्या स्लॅबमधून, दोन्ही बाजूंच्या उष्णतामानांत एका अंशाचा फरक असतां, दर चौरस मीटरला सुमारें ३.३ वॅट उष्णता आंत येते. तिच्यावर थर्मोकोलच्या जातीच्या पदार्थाचा ५० मिलिमीटरचा थर टाकला कीं हा आंकडा ०.६ च्या आसपास उतरतो, म्हणजे उष्णतेचा जेमतेम सहावा हिस्सा आंत येतो. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोनें २०१८ सालीं राहत्या इमारतींसाठीं जी इको-निवास संहिता काढली तिच्यांत छपरासाठीं १.२ ची मर्यादा घातली आहे. तिच्याशीं ताडून पाहिलें तर उपनगरांतल्या उघड्या गच्च्या कोठें बसतात तें कळून येईल.

पण थर कोणता आणि कोठें, ह्यांत फसगत होते. पाणी हवेपेक्षां सुमारें तेवीस पट उष्णता वाहून नेतें. ग्लासवुलसारखा कापसाळ पदार्थ एकदां भिजला कीं त्याचा उपयोग गेला, आणि मुंबईच्या पावसांत भिजण्याची संधि त्याला पुष्कळ मिळते. म्हणून ज्याचीं छिद्रें बंद आहेत, ज्यांत पाणी शिरत नाहीं, अशा फेसाच्या कठीण पाट्या स्लॅबच्या वर घालाव्या, आणि त्यांवर पाणीबंद थर व फरशी करावी. आंतल्या बाजूनें खोटें छत लावलें तर खोलीला आराम मिळतो, परंतु स्लॅब बिचारी तापत व निवत, फुगत व आकसत राहते. तिच्या भेगांना पुढें गळतीची वाट सांपडते. गळतीला कंटाळून अनेक गृहसंस्था गच्चीवर लोखंडी खांबांचें पत्र्याचें छप्पर उभारतात. दिसावयास तें ओबडधोबड असतें, पण पत्रा आणि गच्ची यांच्यामधून वारा खेळत असल्यामुळें तीच जुन्या माळ्याची युक्ति पुन्हा अवतरते. पाण्यासाठीं केलेला खर्च उन्हालाहि लागूं पडतो.

भिंतींचा प्रश्न ह्याहून नाजूक आहे. मुंबईला दुपारनंतर जो काय आराम मिळतो तो समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून. आणि दुपारनंतरचें भाजणारें ऊनहि पश्चिमेकडूनच येतें. वारा हवा तर खिडकी त्या बाजूला ठेवावी लागते, आणि ऊन नको तर ती बंद करावी लागते. चार वाजल्यानंतर सूर्य इतका खालीं उतरतो कीं, खिडकीवरचा आडवा छज्जा निरुपयोगी ठरतो. जुन्या घरांतील लांकडी झिलमिल्या ह्या दुहेरी अडचणीवरच काढलेल्या होत्या. तिरप्या पट्ट्यांमधून वारा येई, ऊन बाहेर राही. त्या गेल्या, परंतु कित्येक वर्षें त्यांचें काम सज्ज्यानें म्हणजे बाल्कनीनें केलें. तिच्या कठड्यावर बांबूचा चीक सोडला कीं भिंत सांवलींत राही. मग जागेच्या टंचाईनें बाल्कन्या खोलींत घेतल्या गेल्या आणि तेथें सरकत्या कांचा आल्या. सरकत्या खिडकीचा एका वेळीं अर्धाच भाग उघडतो; म्हणजे वारा निम्मा, आणि ऊन कांचेतून सबंध आंत. वीतभर जागेसाठीं एवढा सौदा महागच पडला म्हणावयाचा. वर सांगितलेल्या संहितेनें दमट किनाऱ्यासाठीं खोल्यांच्या जमिनीच्या सुमारें एकषष्ठांश इतकीं उघडणारीं तावदानें मागितलीं आहेत, तीं ह्याच कारणास्तव. ज्या घरांत खिडक्या उघड्या असतात तेथें आंतली व बाहेरची हवा जवळजवळ सारखीच असते. अशा घराच्या भिंतीला रोधक थरापेक्षां सांवली अधिक उपयोगी पडते. पश्चिमेला लावलेलें एखादें झाडहि तें काम करतें.

घाटकोपर-मुलुंडकडे हा वाराहि दमून पोंचतो. मध्यें डोंगर आहेत आणि शहराची सारी रुंदी आहे. त्याच घाटकोपरच्या डोंगरउतारांवर हजारों कुटुंबें पत्र्याखालीं राहतात. पत्रा कांक्रीटसारखा उष्णता सांठवून ठेवीत नाहीं. तो ऊन पडतांच तापतो आणि ऊन गेल्यावर लौकर निवतो. म्हणून तेथली हालअपेष्टा रात्रीपेक्षां दिवसाची, आणि दिवसा घरीं असणाऱ्यांची: पापड लाटणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या बायका, तान्हीं मुलें, आजारी माणसें. ह्या घरांतून पत्र्याखालीं उघडें थर्मोकोल चिकटविण्याची रीत दिसते. त्यानें उकाडा कमी होतो हें खरें, पण थर्मोकोल सहज पेट घेतें, आणि खालीं शेगडी व वर विजेच्या उघड्या तारा असलेल्या दहा फुटांच्या खोलींत ही बचत जिवावर बेतूं शकते. पत्र्यावर पांढरा रंग, पत्र्याखालीं चार-सहा इंचांची पोकळी सोडून सिमेंटच्या पातळ, न जळणाऱ्या पाट्यांचें छत, आणि त्या पोकळींतून हवा निघून जावयास दोहों टोकांस जाळ्या, एवढ्यानें पुष्कळ काम भागतें. जाळ्या उंदीर शिरणार नाहींत अशा बारीक असाव्या. नाहींतर पहिल्या पावसांत छताचा ताबा त्यांच्याकडे जातो.

वातानुकूलित खोली आली म्हणजे मात्र सारे नियम उलटतात. तेथें वारा नको असतो, फट नको असते, आणि चारी भिंतींना रोधक थर उपयोगी पडतो. पण एक अदृश्य पाहुणा असतो, तो म्हणजे बाष्प. बाहेर ३२ अंश उष्णता आणि शेंकडा ७० आर्द्रता असली तर त्या हवेचा दंवबिंदु सुमारें २६ अंश असतो. खोली २४ अंशांवर ठेवली कीं बाहेरच्या हवेंतलें बाष्प भिंतीच्या थंड भागाशीं येऊन पाणी होऊं शकतें. कपाटामागची बुरशी, फुगलेला रंग, पोपडे धरलेला गिलावा, ह्यांपैकीं कित्येकांचें मूळ गळक्या नळांत नसून येथें असतें. युरोपांतल्या थंडींत बाष्प घरांतून बाहेर जाऊं पाहतें, म्हणून तिकडे बाष्परोधक पडदा रोधक थराच्या आंतल्या बाजूस लावतात. मुंबईंत बाष्प बाहेरून आंत येतें, म्हणून तो बाहेरच्या, ऊन बाजूस हवा. परदेशीं नकाशा डोळे मिटून उतरवून घेतला तर ओल भिंतींतच अडकते. अंधेरीच्या कचेऱ्यांच्या कांचेच्या इमारतींत नकाशाच्या नकलेचा आणखी एक प्रकार दिसतो. थंड देशांत कांचेनें ऊन आंत घेणें हा फायदा असतो. येथें तेंच ऊन पश्चिमेच्या कांचेतून आंत घेऊन मग विजेनें बाहेर काढावें लागतें. वास्तविक कचेरी संध्याकाळीं ओस पडते, तेव्हां दिवसा ऊन अडवून रात्रीं सोडणारी वीटकामाची भरीव भिंत घरापेक्षां तिलाच अधिक सोसली असती.

राहतां राहिला पैशाचा प्रश्न. गृहसंस्थेंत गच्ची सर्वांची असते, पण तिचा ताप एकट्या वरच्या मजल्याचा. गच्ची गळूं लागली कीं ती संस्थेच्या खर्चानें दुरुस्त व्हावी हें सर्व सभासद मान्य करतात. उष्णतेचा विषय निघाला कीं पहिल्या मजल्यावरचा सभासद विचारतो, माझ्या घरांत ऊन येतेंच कोठें? अशा सभेंत रोधक थराचा स्वतंत्र ठराव सहसा टिकत नाहीं. परंतु पाणीबंदीचें काम दहा-पंधरा वर्षांनीं केव्हां ना केव्हां निघतेंच. त्या वेळीं कोबा उकरलेला असतो, मजूर व माल वर चढलेले असतात, आणि रोधक पाट्या घालण्यास वेगळी मजुरी फारशी पडत नाहीं. वरच्या मजल्यावरच्या सभासदानें ती सभा चुकवूं नये, आणि हिशोबाचा कागद बरोबर न्यावा.