वेग, आवेग आणि उद्वेग

वर्गात उपसर्ग शिकवताना माझे एक ठरलेले उदाहरण आहे. फळ्यावर 'वेग' हा शब्द लिहायचा, त्यामागे 'आ' लावून 'आवेग' करायचा आणि 'उद्' लावून 'उद्वेग'. हे तीन शब्द मी अठरा वर्षे शिकवीत आलो. पण माणसाच्या आयुष्यात ते ह्याच क्रमाने येतात, हे मला गेल्या कार्तिकात, पेठहून नाशिकला जाताना, दोन हजार रुपये मोजून समजले.

झाले असे की, नाशिकला शिकणाऱ्या आमच्या भाच्याचा शनिवारी रात्री फोन आला. "मामा, उद्या सकाळी या. नाशिकजवळ रॅली आहे. मामींनाही आणा."

रॅली म्हटले की मला निवडणूक आठवते. मी विचारले, "कोणत्या पक्षाची?"

भाचा पोट धरधरून हसला असावा. मग त्याने समजावून सांगितले की, ही रॅली मोटारींची. मोर्चाशी तिचा संबंध नाही. नाशिकला हा खेळ नवा नव्हे. राष्ट्रीय रॅली अजिंक्यपदाच्या मालिकेतली 'रॅली ऑफ महाराष्ट्र' ही फेरी २०१० नंतरच्या काही वर्षांत नाशिकच्या आसपासच्या कच्च्या वाटांवर झालेली आहे. उद्याची शर्यत तेवढी मोठी नव्हती. पण भाच्याचा एक मित्र तिथे स्वयंसेवक होता, आणि आम्हांला अगदी जवळून पाहायला मिळणार होते. पहिली गाडी नऊला सुटायची होती.

आता, नऊला नाशिकपलीकडे पोचायचे तर पेठहून साडेसहाला तरी निघायला हवे. आम्ही निघालो साडेसातला. उशीर का झाला, ह्याविषयी आमच्या घरात अजून एकमत झालेले नाही, म्हणून तो विषय सोडून देतो.

कोटंबीचा घाट मी नेहमीच्या सावधपणाने चढलो. घाटात माणूस आपोआप शहाणा असतो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, आणि वळणावरून समोर काय येईल ते सांगता येत नाही. खरा धोका घाट संपल्यावर, करंजाळी मागे पडून रस्त्याचा एक सरळ तुकडा समोर आला तेव्हा सुरू झाला. ऊन कोवळे होते, रस्ता मोकळा होता आणि मनात शर्यत होती. ज्या गाड्या मी अजून पाहिल्याही नव्हत्या, त्यांच्या वेगाचे वारे माझ्या अंगात भरले आणि उजव्या पायाला वजन आले.

"अहो, जरा सावकाश," शेजारून सौभाग्यवती म्हणाल्या. "शर्यत तिकडे आहे. इथं नाही."

"रस्ता मोकळा आहे," मी म्हणालो.

पुढे एका झाडाखाली पोलिसांची पांढरी गाडी उभी होती. मी म्हटले, बिचारे सकाळचा चहा घेत असतील.

सव्वानऊच्या सुमारास भाच्याने सांगितलेल्या जागी पोचलो. तिथे पाहिलेल्या पहिल्याच दृश्याने माझा विरस झाला. चिकटवलेल्या जाहिरातींनी नखशिखान्त नटलेली एक मोटार रस्त्याने, बैलगाडीमागे सापडल्यासारखी, सावकाश येत होती. एका पिवळ्या फलकाच्या अलीकडे ती कडेला थांबली. आत दोघे, शिरस्त्राणे घातलेले. एक पुढे बघत बसलेला, दुसरा घड्याळाकडे. एक मिनिट गेले, दोन गेली. गाडी जागची हलेना.

"बंद पडली वाटतं," मी भाच्याला म्हटले.

"नाही मामा. लवकर आलेत, म्हणून थांबलेत."

मग त्याने जे सांगितले ते मी आजवर कुणाकडूनही ऐकले नव्हते. रॅलीत रस्त्याचे दोन प्रकार असतात. एक खास टप्प्याचा. तो इतर वाहतुकीला बंद केलेला असतो, तिथे सेकंदासेकंदाची स्पर्धा चालते. दुसरा, एका टप्प्यापासून दुसऱ्या टप्प्यापर्यंत जाण्याचा, तुमच्याआमच्या रहदारीचा. त्या रस्त्यावर शर्यतीच्या गाडीलाही इतरांसारखेच नियम पाळावे लागतात. किती वेळात पोचायचे हे आधी ठरवून दिलेले असते, आणि पोचल्याची वेळ नाक्यावर एका कार्डावर नोंदतात. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे तिथे एक मिनिट उशीर झाला तर दंड दहा सेकंदांचा. आणि एक मिनिट लवकर पोचले तर?

"बक्षीस," मी म्हणालो.

"साठ सेकंद दंड," भाचा म्हणाला. "लवकर येणं उशिरापेक्षा सहापट महाग."

मी त्या थांबलेल्या गाडीकडे पुन्हा पाहिले. ज्यांचा धंदाच वेगाचा, ते दोघे सार्वजनिक रस्त्यावर मिनिट भरण्याची वाट पाहत स्वस्थ बसले होते. आणि त्यांना पाहायला निघालेला मराठीचा प्राध्यापक वाऱ्यासारखा धावत आला होता.

पुढे टप्प्यावर खरा वेगही पाहिला. आधी टेकडीआडून आवाज येतो, मग धुळीचा लोट दिसतो, आणि गाडी दिसते न दिसते तोच गेलेली असते. पण माझे लक्ष चालकापेक्षा त्याच्या शेजाऱ्यावर अधिक खिळले. त्याला नॅव्हिगेटर म्हणतात. मार्गाची आधी पाहणी करून प्रत्येक वळण, चढ, खड्डा त्यांनी वहीत टिपलेला असतो. आणि शर्यतीत पुढचे वळण दिसण्यापूर्वीच तो ते वाचून दाखवतो. चालकाने त्याचे ऐकायचे. न ऐकणारा चालक फार काळ चालक राहत नाही.

"म्हणजे शेजारी बसून बोलणाऱ्याला तिथं मान असतो तर," सौभाग्यवती म्हणाल्या. मी धुळीचे निमित्त करून डोळे पुसले.

परतण्याच्या बेतात होतो तेव्हा खिशातला फोन वाजला. आपल्या वाहनाने वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल दंड आकारण्यात आला आहे, रुपये दोन हजार. वेग ताशी ८८ किलोमीटर. वेळ, आठ वाजून काही मिनिटे. त्या झाडाखाली कोणी चहा घेत नव्हते.

वेग आणि आवेग येऊन गेले होते. आता उद्वेगाची पाळी होती.

सोमवारी प्राध्यापकांच्या खोलीत मी माझी कैफियत मांडली. समोर येऊन शिटी मारून थांबवणाऱ्या पोलिसाचे मला काही वाटले नसते. पण झाडाआडून नेम धरायचा, हा काय प्रकार? सहानुभूती मिळेल ही अपेक्षा होती. पण प्राध्यापकांच्या खोलीत सहानुभूतीपेक्षा माहिती लवकर मिळते.

इतिहासाचे गृहस्थ म्हणाले, "तुमचं दुःख जुनं आहे. इंग्लंडात केंट परगण्यात १८९६च्या जानेवारीत वॉल्टर अर्नोल्ड नावाच्या माणसाला असाच दंड झाला. मर्यादा ताशी दोन मैलांची, आणि हा आठ मैलांनी चाललेला. पोलिसानं सायकलवरून पाठलाग करून पकडला. दंड एक शिलिंग."

पदार्थविज्ञानाचे म्हणाले, "नेम बंदुकीचाच, पण प्रकाशाच्या. लेसरचे स्पंद गाडीवर आदळून परत येतात. प्रत्येक स्पंदाला यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं, आणि अंतर किती झपाट्यानं बदलतं त्यावरून वेग. आणि एक सांगतो. असं यंत्र आधी कोणी केलं, ठाऊक आहे? एका रॅलीवाल्यानंच."

मला वाटले, थट्टा करतात. पण गोष्ट खरी आहे. माउस गात्सोनिडेस हे डच गृहस्थ १९११ साली जावा बेटात जन्मले आणि १९५३ साली त्यांनी फोर्ड झेफिर गाडी चालवून मोंटे कार्लोची प्रख्यात रॅली जिंकली. अवघ्या एका सेकंदाने. वळणावर आपला वेग नेमका किती पडतो हे कळावे, म्हणजे तो वाढवता येईल, ह्यासाठी त्यांनी मोजणीचे यंत्र तयार केले. सुरुवातीला रस्त्यावर आडव्या टाकलेल्या दोन रबरी नळ्या. पहिलीवरून चाक गेले की मोजणी सुरू, दुसरीवरून गेले की बंद. पुढे त्याला कॅमेरा जोडला गेला, मग रडार. १९५८ साली त्यांनी त्यासाठी कंपनी काढली, आणि अधिक वेगाने जाण्यासाठी घडवलेले यंत्र जगभरच्या पोलिसांनी वेग रोखण्यासाठी घेतले. गात्सोनिडेस १९९८ साली वारले. आपल्याच यंत्राने आपल्याला अनेकदा पकडले, असे ते स्वतः सांगत. हे ऐकून मला थोडे बरे वाटले.

"पण थोडा वेग कमी करून कॅमेऱ्यापुरतं सभ्य व्हावं, ही सोयसुद्धा आता जाणार," पदार्थविज्ञानाचे पुढे म्हणाले. "मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४पासून कॅमेऱ्यांची नवी व्यवस्था आली आहे. दोन ठिकाणांमधलं अंतर तुम्ही किती वेळात कापलं, त्यावरून तिथं सरासरी वेगही काढता येतो. लवकर पोचलात की सापडलात."

म्हणजे भाच्याने दाखवलेला तो पिवळा फलकच की!

अर्थशास्त्राच्या बाईंनी कागद ओढला. "दुभाजक नसलेल्या रस्त्यावर मोटारीला केंद्रानं २०१८ साली घातलेली कमाल मर्यादा सत्तरची. समजा, तुम्ही दहा किलोमीटर ८८नं गेलात. वाचली किती? पावणेदोन मिनिटं. दंड दोन हजार. म्हणजे मिनिटाला हजार रुपयांहून जास्त. एवढं मोलाचं तिथं काय होतं, सर?"

"आणि वेग सव्वापट झाला," पदार्थविज्ञानाने भर घातली, "तर ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर सव्वापट होत नाही. ते वेगाच्या वर्गानं वाढतं. दीडपटीहून अधिक."

हे सारे मी विनोदाने घेतले. घरी येऊन दंड भरायला संगणक उघडला. दंडाच्या नोंदीबरोबर छायाचित्र असते. फोनच्या लहानशा पडद्यावर मी ते धड पाहिलेच नव्हते. पाहिला होता तो फक्त आपल्या गाडीचा क्रमांक, तो आपलाच आहे ना म्हणून. आता मोठ्या पडद्यावर ते चित्र उघडले. आमची गाडी, तिच्या काचेवरची झळाळी, खाली आकडा. आणि डाव्या कडेला, डांबर संपते तिथे, डोक्यावर गाठोडे घेतलेली एक बाई. तिच्या बोटाला धरून एक पोर.

मी बराच वेळ त्या चित्राकडे पाहत बसलो. सकाळ आठवून पाहिली. झाड आठवले, पोलिसांची गाडी आठवली, ऊन आठवले. ही बाई आठवली नाही. ते पोर आठवले नाही. त्यांच्यापासून दोन हातांवरून मी गेलो होतो, आणि सौभाग्यवतींना म्हणालो होतो, रस्ता मोकळा आहे.

सौभाग्यवतींना बोलावून चित्र दाखवले. त्या म्हणाल्या, "मला दिसली होती. म्हणून तर म्हटलं, सावकाश."

मी दंड भरला. झाडाआडच्या नेमाविषयीची माझी तक्रार त्या क्षणी संपली. त्या नेमाने माझा आकडा टिपला. पण मी ज्यांना पाहिले नाही त्यांनाही त्याने पाहिले होते.

आमच्या पेठ तालुक्यात द्राक्षांच्या दिवसांत पहाटेपासून माणसे रस्त्याच्या कडेला उभी असतात. दिंडोरी-निफाडकडच्या बागांत कामाला जायचे, तर जीप येईल ती गाठावी लागते. पाड्यावरून पायवाटेने उतरायचे आणि डांबराच्या काठाशी थांबायचे. नकाशात हा राष्ट्रीय महामार्ग आहे. त्यांच्या लेखी ते अंगण ओलांडले की लागणारे वाहन-थांब्याचे ठिकाण आहे. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. मी त्यांचीच मुले शिकवतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात 'वेग' आला नाही. अभ्यासक्रमात दुसरेच काही होते. पण मागच्या बाकावरचे तिघे-चौघे आपल्या मोटारसायकली कॉलेजच्या फाटकातून कशा बाहेर काढतात, ते मी रोज पाहतो. त्यांना उपदेश करण्याचा अधिकार मी करंजाळीच्या पुढे घालवून बसलो होतो. म्हणून तास संपल्यावर त्यांना थांबवून घेतले आणि ते छायाचित्र त्यांच्या पुढ्यात ठेवले.

आधी हशा पिकला. "सर, तुम्ही ८८?" त्यांच्या स्वरात निषेधापेक्षा कौतुकच अधिक होते. मी काही बोललो नाही. बोट कडेला नेऊन ठेवले.

एकजण चित्र जवळ घेऊन पाहू लागला. त्याचे हसू थांबले. "सर, हा तर आमच्या पाड्याचा थांबा. ही आमची आई नव्हं. पण आई हितंच उभी राहती जीपसाठी."

पुढे कोणी काही बोलले नाही. त्यांनी आपापल्या गाड्या त्या दिवशी फाटकापर्यंत ढकलत नेल्या, असे मी सांगणार नाही. तसे काही घडले नाही. ते नेहमीसारखेच गेले. फक्त त्या मुलाने फाटकाशी थांबून दोन्ही बाजूंना पाहिले, तेवढे मला खिडकीतून दिसले.

तेव्हापासून करंजाळीच्या पुढचा तो तुकडा आला की मी चाळिसावर येतो. थांब्यावर कोणी असले की नजर टाकतो. कधी एखादी ओळखीची विद्यार्थिनी हात करते. मागचे वाहनवाले भोंगे वाजवतात. सौभाग्यवती शेजारी बसून घड्याळ पाहतात. परवा नाशिकला पोचल्यावर म्हणाल्या, "तीन मिनिटं उशीर."

"तीस सेकंद दंड," मी म्हणालो. "परवडला."