चकमक, गार आणि जळका कापूस

आजकाल ‘चकमक’ हा शब्द आपल्याला भेटतो तो बातम्यांत. कुठे पोलिसांशी चकमक झडते, कुठे सभागृहात शाब्दिक चकमक उडते. पण ज्या वस्तूवरून हा शब्द आला, ती लोखंडाची बोटभर पट्टी आपल्या मुलांनी पाहिलेली नसते. आमच्या घरी ती होती. आजोबांच्या चंचीत, पान-तंबाखूच्या शेजारी.

वेळ अमावस्येची एक संध्याकाळ अजून लख्ख आठवते. लातूर भागात या सणाला ‘येळवस’ म्हणतात. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला गावे ओस पडतात आणि शिवारे गजबजतात. कडब्याच्या खोपीत पूजा, मग भज्जी, आंबील, उंडे यांचे जेवण. तिन्हीसांजेला तीन दगडांच्या चुलीवर दूध उतू घालायचे. त्या वर्षी नेमकी आंबील सांडून काडेपेटी भिजली होती. वारा सुटलेला, आई-काकू हवालदिल. दूध उतू न घालता घरी कसे जायचे?

आजोबांनी शांतपणे चंची सोडली. डाव्या हातात गारगोटी धरली, तिच्या धारेलगत अंगठ्याखाली काळ्या कापसाची चिमूट दाबली आणि उजव्या हातातली पट्टी खाली ओढत ठोकली. तिसऱ्या ठोक्याला कापसावर लाल ठिपका उमटला. तो त्यांनी वाळल्या गवताच्या झुबक्यात ठेवला, वर गोवरीचा चुरा टाकला आणि झुबका वाऱ्यासमोर धरला. धूर दाटला आणि भक्कन जाळ झाला! आम्ही मुले टाळ्या पिटत होतो.

काडी आणि चकमक यांतला खरा फरक त्या दिवशी दिसला. वारा काडी विझवतो, पण चकमकीचा निखारा वाऱ्यानेच फुलतो. म्हणून तर रानात मेंढरे राखणारा धनगर, जागलीला जाणारा शेतकरी, चिलीम ओढणारा म्हातारा यांची ती सोबतीण होती. घरात तिची गरज क्वचितच पडे. रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकायचा आणि सकाळी फुंकर घालून जागा करायचा. विझलाच, तर खापरीत शेजारणीकडून विस्तव आणायचा. ‘दोघांत विस्तवही जात नाही’ असे आपण म्हणतो, त्यामागे हाच व्यवहार आहे. विस्तव नाकारणे म्हणजे संबंध तुटणे!

हे काम होते कसे, तेही पाहण्यासारखे आहे. ठिणगी दगडाची असते असा आपला समज असतो. ती असते लोखंडाची. गारगोटीची धार पोलादाचा बारीकसा कण खरवडून काढते. घर्षणाने तापलेला तो कण हवेत जळतो, तीच ठिणगी. म्हणून पट्टी कडक पाण्याची लागते, मऊ लोखंड चालत नाही. आजोबांनी ती माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत एका घिसाड्याकडून जुन्या कानशीची करवून घेतली होती. गार मात्र विकत घ्यावी लागत नाही. मराठवाड्याचा बराचसा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या काळ्या खडकावर उभा आहे. त्या खडकातल्या पोकळ्यांत साचलेली गारगोटी नांगराच्या तासाला वर येते. देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट लागतो, तिथेही पांढरी गार सापडते.

इंग्लंडमधल्या जॉन वॉकर या औषधविक्याने घासून पेटणाऱ्या काड्या १८२७ साली विकायला काढल्या. पुढे काडेपेटी गावोगाव पोचली आणि चकमक चंचीतच राहिली. काडेपेटी इतकी स्वस्त, की डिसेंबर २०२१मध्ये एका रुपयाची दोन रुपये झाली, तीसुद्धा चौदा वर्षांनी. अशा वस्तूशी चकमक कशी टिकणार?

आजोबा गेल्यावर काही वर्षांनी ती चंची माझ्या हाती लागली. मोठ्या उत्साहाने मी गच्चीवर बसलो. ठिणग्या भरपूर पडल्या, बोटे सोलली, पण औषधाच्या दुकानातला पांढरा कापूस काही पेट घेईना. दगड तोच, लोखंड तेच, मग चुकले कुठे? तेव्हा त्यांचे बोलणे आठवले. ‘ठिनगी कोनी बी पाडतंय रे. कापूस तयार लागतो.’

तो तयार कसा करायचा, हे मी लहानपणी पाहिले होते, पण लक्ष दिले नव्हते. जुन्या धोतराची चिंधी ते डबीत कोंबत, झाकणाला बारीक भोक ठेवून डबी विस्तवावर ठेवत. धूर थांबला की डबी उतरवायची आणि गार होईपर्यंत उघडायची नाही. आत चिंधीची राख न होता काळी, हलकी जाळी उरते. तिच्यावर पडलेली ठिणगी विझत नाही, पसरते. जंगलाकडे सावरीच्या बोंडातला कापूसही यासाठी वापरत. मी तसे केले आणि दुसऱ्याच ठोक्याला लाल ठिपका उमटला. त्या दिवशी डोळ्यांत आलेले पाणी केवळ धुराचे नव्हते.

मुलांना हे जरूर दाखवावे, पण मोठ्यांनी शेजारी बसून आणि पाण्याची बादली जवळ ठेवून. उन्हाळ्यात रानात मुळीच नको. ज्या वाळल्या गवतावर निखारा फुलतो, त्यावरच वणवाही फुलतो आणि कडब्याची गंजी जळायला पाच मिनिटे पुरतात. आजोबा उठताना निखाऱ्यावर ओली माती दाबत आणि वर हात ठेवून पाहत, मगच पाऊल उचलत.

आणि त्याआधी आणखी एक गोष्ट करत. दूध उतू गेले, सगळे प्रसाद घेऊ लागले, तरी ते चुलीपाशीच होते. निवत्या विस्तवावर त्यांनी डबी ठेवली होती, चिंधी कोंबून. आजच्या जाळावर उद्याचा कापूस तयार होत होता.