पहिली गिटार

नाकाडोंगरीच्या परिसरातील जंगलात सागवान आहे. सागवानी दारे वर्षानुवर्षे टिकतात. मग सागवानाची गिटार करता येईल का? येईल, पण दाराला मजबुती पुरते, वाद्याला मजबुतीबरोबर आवाजही लागतो. या दोन्हींचा मेळ घालणे हीच खरी कारागिरी होय.

गिटारीच्या पोकळ पेटीवर एक पातळ फळी असते. सतारीप्रमाणे तिला आपण तबली म्हणू. तार छेडली की तबली थरथरते आणि आवाज मोठा होतो. ती जाड ठेवली तर आवाज दबतो. फार पातळ केली तर ती फुगते किंवा तडकते, कारण पोलादी सहा तारांचा ताण मिळून सुमारे ७० किलो वजनाइतका असतो. म्हणून तबली सुमारे ३ मिलिमीटर जाड ठेवतात आणि आतून बारीक पट्ट्या चिकटवून तिला आधार देतात.

मेहनत कोठे करावी, हे स्पेनमधील आंतोनियो दे तोरेस या कारागिराने दाखवून दिले. १८६२ साली त्याने एक गिटार केली. तिची पाठ व बाजू पुठ्ठ्याच्या होत्या. तबली मात्र उत्तम लाकडाची होती. आवाजाचा मुख्य भार तबलीवर असतो, हे त्याला सिद्ध करायचे होते.

आपल्या मिरजेतही हेच दिसते. तेथील शिकलगार पूर्वी शस्त्रांना धार व झिलई देत. एकोणिसाव्या शतकात ते तंतुवाद्ये बनवू लागले. तंबोऱ्याचा खालचा भाग साध्या कडू भोपळ्याचा असतो. त्यावरील नक्षी डोळ्यांना सुखावते. पण गवई आधी कान देतो तो जवारीला. घोडीचा माथा अगदी थोडा थोडा घासून जवारी साधतात. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

तुम्ही पहिली गिटार केली, तर पाठ आणि बाजू सागवानाच्या चालतील. तबलीला मात्र हलके लाकूड घ्या. लाकूड चांगले वाळलेले हवे. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून जोडकाम कोरड्या हवेत करा. सागवान तेलकट असते; ते ताजे घासून लगेच सरस लावा.

पडद्यांच्या बाबतीत मात्र तडजोड नको. तारेची लांबी ६५० मिलिमीटर असेल, तर तिला १७.८१७ ने भागा. उत्तर सुमारे ३६.५ येते. वरच्या आडपट्टीपासून तितक्या अंतरावर पहिला पडदा बसवा. उरलेल्या लांबीला पुन्हा तसेच भागून पुढचा पडदा ठरवा. येथे एका मिलिमीटरची चूकही कानाला खटकते.

नक्षी नसली तरी गिटार वाजते. पडदे चुकले तर ती बेसूरच राहते. म्हणून पहिल्या गिटारीवर नक्षीसाठी लागणारा वेळ मोजमापाला द्या.