खलनायक नसलेले घर

परदेशी चित्रपटांविषयी बोलताना आम्हां मराठी माणसांची एक सवय आहे. चित्रपट आवडला तर तो ‘कलात्मक’, आणि कळला नाही तर तोही ‘कलात्मक’! या शब्दाच्या आड न दडता, गेल्या हिवाळ्यात जे पाहिले त्याने आमचे काय झाले तेवढे सांगावे, असा आज विचार आहे.

पाहिले ते तीन चित्रपट, तिन्ही वार्धक्यावरचे. घरीच, पडद्याच्या तळाशी उमटणारी इंग्रजी अक्षरे वाचीत. पहिला लिओ मॅकॅरी यांचा १९३७ सालचा ‘मेक वे फॉर टुमॉरो’. बँकेने घर घेतल्यावर म्हाताऱ्या जोडप्याला एकत्र ठेवून घ्यायला पाचांपैकी एकही मूल तयार होत नाही, आणि पन्नास वर्षांचा संसार दोन गावी विभागला जातो. दुसरा व्हित्तोरिओ दे सिका यांचा १९५२ सालचा ‘उंबेर्तो डी’. पेन्शनीत न भागणारा रोममधला एक निवृत्त नोकर आणि त्याचा कुत्रा. हे काम करणारे कार्लो बात्तिस्ती नट नव्हते, भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते. दोन्ही चित्रपटांनी आमचे डोळे ओले केले. तिसऱ्याने ते केले नाही. त्याने आम्हांला चार दिवस अस्वस्थ ठेवले, म्हणून त्याच्याविषयीच बोलतो.

तो म्हणजे जपानच्या यासुजिरो ओझू यांचा १९५३ सालचा ‘टोकियो स्टोरी’. कथानक एका दमात सांगता येते. ओनोमिची या समुद्रकाठच्या गावचे म्हातारा-म्हातारी मुलांना भेटायला टोकियोला जातात. थोरला डॉक्टर, मुलगी केशभूषेचे दुकान चालवते, दोघेही कामात. युद्धात गेलेल्या मुलाची विधवा, नोरिको, तेवढी रजा काढून त्यांना शहर दाखवते. म्हातारी परतते, आजारी पडते, जाते. मुले येतात, उत्तरकार्य होते, मुले निघून जातात.

एवढेच! आता हीच गोष्ट आमच्या रंगभूमीवर कशी येते ते आठवून पाहावे. १९७० च्या ‘नटसम्राटा’त पोटची मुलगी बापावर चोरीचा आळ घेते, आणि प्रेक्षागृहातला प्रत्येक मुलगा व मुलगी त्या मुलीवर संतापून, डोळे पुसून, हलक्या मनाने घरी जाते. संतापायला कोणी मिळाले की आपण सुटतो. शिरवाडकरांच्या नाटकाचे मोठेपण आम्ही नाकारीत नाही; पण ही सुटका तिथे आहे.

ओझू ती देत नाहीत. डॉक्टर मुलगा रविवारी आईबापांना फिरायला न्यायचे ठरवतो, सगळे कपडे घालून तयार होतात, आणि एका आजारी मुलासाठी बोलावणे येते. जाणे रद्द. यात त्याचा काय दोष? मुलीचा नवरा सासूसासऱ्यांसाठी महागाचा खाऊ आणतो, तर ती म्हणते, एवढे कशाला, साधे चालले असते. आणि त्यातला स्वतःच खाते. गिऱ्हाइकाने ही कोण मंडळी म्हणून विचारले, तर ‘गावाकडची ओळखीची’ असे सांगून मोकळी होते. हे वाईट खरेच; पण कोर्टात उभे करण्याइतके वाईट नव्हे. दोघे भाऊबहीण मग पैसे घालून आईबापांना आतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर धाडतात. शहरात ठेवून घेण्यापेक्षा ते स्वस्तही पडते आणि चांगलेही दिसते. तिथे रात्रभर दंगा. म्हाताऱ्यांच्या डोळ्याला डोळा लागत नाही.

इथे आम्ही चित्रपट थांबवला. बऱ्याच वर्षांपूर्वी आमची आई कोकणातून महिनाभर आमच्याकडे राहायला आली होती. मध्येच आमच्याकडे कचेरीतले पाहुणे यायचे ठरले, जागा दोन खोल्यांची. आम्ही आईला अष्टविनायकाच्या बसमध्ये बसवून दिले. परत आल्यावर ती म्हणाली, दर्शन छान झाले. पाय सुजले होते, ते पत्नीने पाहिले. आम्ही इतकी वर्षे ती यात्रा आपल्या पुण्याच्या खात्यावर जमा धरली होती!

हे सारे इतके खोल का जाते, याचे उत्तर काही अंशी ओझूंच्या मांडणीत आहे. त्यांचा कॅमेरा फार खाली असतो, आणि जवळजवळ हलतच नाही. आजोळच्या माजघरात पाटावर बसलेल्याला घर जसे दिसे, तसे ते घर दिसते. वरून पाहणारा न्यायाधीश होतो. खाली बसलेला घरचा होतो. शिवाय ज्या प्रसंगांवर इतर दिग्दर्शक तुटून पडतील ते ओझू गाळतात. म्हातारी परतीच्या गाडीत आजारी पडली हे नुसते बोलण्यात कळते. तिचा शेवटचा श्वासही दिसत नाही. उलट मुलीने येतानाच सुतकाचे कपडे बरोबर आणले आहेत, आणि उत्तरकार्यानंतर जेवताना ती आईचे कपडे आठवण म्हणून मागते, हे मात्र नीट दिसते. व्यवहारी माणसे अशीच वागतात. आमच्याकडे तेराव्या दिवशी पाटल्यांची चर्चा होतेच.

मग नोरिको तरी निखळ चांगली का? तेही ओझू राहू देत नाहीत. सासरा तिचे गुण गातो, तेव्हा ती सांगते की मी तितकी चांगली नाही. गेलेल्या नवऱ्याची आठवण न येता दिवसच्या दिवस जातात. सासरा ते ऐकून घेतो आणि बायकोचे घड्याळ तिच्या हाती देतो.

आम्ही चित्रपट पुन्हा एकदा पाहिला. या खेपेस लक्ष गेले ते आरंभीच्या एका क्षुल्लक गोष्टीकडे. टोकियोसाठी सामान बांधताना म्हातारा हवेची उशी शोधतो आहे. ती तुझ्याकडेच दिली होती, असे तो बायकोला म्हणतो. ती म्हणते, नाही. थोड्या वेळाने ती त्याच्याच सामानात सापडते. शेजारीण खिडकीतून डोकावून प्रवासाची चौकशी करते. अखेरीस तो त्याच खोलीत एकटा पंख्याने वारा घेत बसला आहे, आणि तीच शेजारीण त्याच खिडकीशी थांबून दोन शब्द बोलते.