साखळीचे दुसरे टोक

कुत्रा चावला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, ‘कोणत्या जातीचा?’ मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानेही जातच पाहिली. पिटबुल, रॉटवायलर धरून २३ जातींवर बंदी घाला, असे राज्यांना कळवले. संबंधितांशी चर्चा न करता काढलेले ते पत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने महिन्याभरातच रद्द केले. मोठ्या जबड्याने इजाही मोठी होते, हे खरेच. पण कर्ज देताना बँक आधी कर्जदार पाहते, मग तारण.

नोकरीत असताना गहाण मालाच्या तपासणीसाठी मी भिवंडीजवळच्या वडप्याला गोदामांत जात असे. एका दाराशी दिवसभर आखूड साखळीला बांधलेला कुत्रा असायचा. साधा गावठी, पण हमालसुद्धा त्याला वळसा घालून पोती वाहत. वॉचमन म्हणाला, ‘‘साहेब, शेठनी सांगितलंय, पोटभर घालायचं नाही. मग तिखट राहतो.’’

मुंबईत नेपियन सी रोडवर २०१० मध्ये दोन नातेवाइकांचे मालमत्तेवरून भांडण चालले होते. एकाचा रॉटवायलर मोटारीत भुंकत होता. दार उघडू नकोस, असे सांगूनही मालकाने ते उघडले. कुत्रा समोरच्या वृद्धाला चावला. २०२३ मध्ये न्यायालयाने मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली. आता भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमात अशा हलगर्जीपणासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. त्यात जातीचा उल्लेख नाही.