मोठा अल्टर्नेटर आणि जुनी तार

मोटारींत दिवे वाढले, पंखे वाढले, म्हणून मालक मूळचा अल्टर्नेटर काढून अधिक शक्तीचा बसवितो. आठवडा जातो आणि एका सकाळीं गाडी चालूच होत नाहीं. दोष बॅटरीच्या माथीं येतो. नवी बॅटरी येते, आणि तीही मान टाकते!

येथें बहुधा अपराधी असते ती जुनी तार. वाटेंत ०.०२ ओहम रोध असला, तर ३० अँपिअर प्रवाहाला ०.६ व्होल्ट वाटेंतच खर्ची पडतात. प्रवाह ६० झाला कीं १.२ व्होल्ट जातात. आणि उष्णता दुप्पट नव्हे, चौपट, म्हणजे १८ वॉटची ७२ वॉट होते. अल्टर्नेटरपाशीं १४.२ व्होल्ट असूनही बॅटरीला १३ च पोंचतात, ती उपाशी राहते. तारेचें आवरण वितळून आग लागण्याचें भय तें निराळेंच.

परीक्षा सोपी आहे. इंजिन चालू ठेवून मोठे दिवे लावावे. व्होल्टमीटरचें एक टोंक अल्टर्नेटरच्या, जेथून प्रवाह बाहेर पडतो त्या बोल्टावर, दुसरें बॅटरीच्या धन टोंकावर धरावें. अर्धा व्होल्ट किंवा अधिक दिसला, तर जाड तार घालावी. मग अल्टर्नेटरचें कवच व बॅटरीचें ऋण टोंक यांमध्येंही तसेंच पाहावें. इंजिनाची अर्थची पट्टी गंजलेली आहे, हें पुष्कळदां कोणाच्या ध्यानींच येत नाहीं. फ्यूज तारेला झेपेल त्याहून मोठा नसावा.

एक गोष्ट मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी करूं नये: चालत्या इंजिनावर बॅटरीची तार सोडवून पाहणें. ही युक्ति डायनॅमोच्या काळची. अल्टर्नेटरवर ती चालविली, तर त्या क्षणीं उसळणाऱ्या दाबानें आंतील डायोड जळण्याचा संभव असतो.